कचऱ्याच्या डब्यांपुढचे सरन्यायाधीश

मी सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कचऱ्याच्या डब्यांना झापत होते.

वेस्टमीडमध्ये आम्ही राहतो त्या बिल्डिंगच्या मागे गॅरेजांकडे उतरणारा एक रस्ता आहे. त्याच्या कडेला सगळ्या घरांचे डबे उभे असतात, लाल झाकणाचे कचऱ्याचे, पिवळ्या झाकणाचे रिसायकलिंगचे. महामारीचं दुसरं वर्ष, सिडनीचा तो न संपणारा लॉकडाऊन. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, कोणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. कचरा टाकणं हीच माझी सहल होती. एका केळ्याच्या सालीसाठी मी स्वतंत्र फेरी काढायचो आणि बायकोला सांगायचो, घरात वास मारतोय.

त्या दिवशी साल घेऊन खाली गेलो तर सगळे डबे वर्गातल्या बाकांसारखे ओळीने मांडलेले. समोर सत्तरीपुढचा एक बारकासा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर मुलीचं असावं असं जांभळं पफर जॅकेट, मास्क हनुवटीखाली. हात वर करून तो इंग्रजीत काहीतरी ठासून सांगत होता. मध्येच थांबला आणि मागच्या रांगेतल्या लाल डब्याकडे बोट रोखून म्हणाला, "तुम्ही मागचे, लक्ष आहे ना?"

मी साल खिशात घातली आणि वर आलो.

बायकोला म्हटलं, खाली एकाचं डोकं फिरलंय, फोन करायचा का कुठे. ती हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. त्या दिवसांत तिला माणसांकडे बघायला फुरसत नव्हती, त्यांचे नमुने बघूनच डोळे दुखायचे. तरी तिने बाल्कनीतून एक नजर टाकली आणि म्हणाली, "फिरलं काही नाही. मास्तर आहे तो. तू सगळी शाळा मागच्या बाकावर काढलीस, तुला मास्तर कुठून ओळखू येणार?"

ती बरोबर निघाली. ती बरोबर निघते, हे पुढच्या सगळ्या हकिकतीत गृहीत धरावं.

सर फिलिपिन्सचे. मनिलाच्या खाडीपलीकडच्या एका लहान गावात आयुष्यभर इतिहास शिकवून रिटायर झालेले. मुलगी इथे आयसीयूत नर्स, नुकतीच आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली. महामारीच्या पहिल्या वर्षी थोड्या दिवसांसाठी म्हणून तिला भेटायला आले आणि बॉर्डर बंद झाली. तेव्हापासून परतीचं तिकीट काढायचं आणि ते रद्द झाल्याचा ईमेल वाचायचा, असा त्यांचा कार्यक्रम चालला होता. मुलगी शिफ्टवरून येऊन झोपायची, तिची झोपमोड नको म्हणून ते भाषणाची तालीम खाली येऊन करायचे.

पहिल्याच गप्पांत त्यांनी मी काय करतो ते विचारलं. सॉफ्टवेअर म्हटलं. त्यांच्याकडे माणसाला हुद्द्याने हाक मारायची पद्धत आहे, तेव्हा त्या क्षणापासून मी 'इंजिनिअर' झालो. पुणं सोडल्यापासून मला इतक्या आदराने कोणी हाक मारली नव्हती, त्यामुळे मी खरं काम काय करतो ते सांगितलंच नाही. मी पगारपत्रकांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, स्वतःच्या मी फुकट करतो. मी त्यांना 'सर' म्हणू लागलो. आमच्याकडे शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

भाषण होतं त्यांच्या गावच्या एका सुपुत्रावर. फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य असताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा जो पहिला मुख्य न्यायाधीश झाला, तो त्या गावात जन्मलेला. गावातल्या जुन्या शिक्षकांचं एक मंडळ आहे, ते दर वर्षी त्याच्यावर एक व्याख्यान ठेवतं. आणि ते व्याख्यान दर वर्षी सरच देतात. यंदा ऑनलाइन.

मी ऐकायला लागलो ते वेळ जात नव्हता म्हणून. पण दोन-चार दिवसांत माझी अशी अवस्था झाली की मीटिंगमध्ये बसल्या बसल्या माझं लक्ष खालच्या डब्यांच्या खडखडाटाकडे. तो वाजला की समजायचं, सर बाक मांडतायत. मी कॅमेरा बंद करून धावत सुटायचो. दोन गॅरेजांच्या मध्ये अंतर राखून उभा राहायचो आणि सर सुरू करायचे. समुद्राकाठचं गाव. गरिबाघरचं पोरगं. मनिलात धर्मगुरूंच्या कॉलेजात फी द्यायला काही नाही, तर इतर मुलांना वाढायचं, खोल्या झाडायच्या आणि त्याबदल्यात शिकायचं.

मी तिथेच उडालो. म्हटलं, सर, हे आमच्याकडचं आहे. आमच्याकडे मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि शिकून मोठी व्हायची. सरांनाही ते फार आवडलं. पुढच्या तालमीत त्यांनी लाल डब्यांना वार लावण्याबद्दल सांगितलं. त्या दिवसापासून तो न्यायाधीश मला सदाशिव पेठेतला वाटायला लागला, आणि सगळा घोळ तिथेच सुरू झाला.

पुढे तो वकील झाला, कायदा शिकवू लागला, स्पॅनिश राज्यात मोठ्या पदांवर चढला. मग स्पेनविरुद्ध क्रांती झाली. क्रांतिकारकांनी त्याला परराष्ट्रमंत्री व्हा म्हटलं, तर तब्येतीचं कारण सांगून तो बाजूला राहिला. मग अमेरिकन आले आणि त्यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या मधल्या खुर्चीवर बसवलं. बाजूचे बहुतेक न्यायाधीश अमेरिकन, मधोमध हा. खुर्चीचं वर्णन करताना सर दोन्ही हात असे पसरायचे की पिवळ्या झाकणाच्या डब्यालाही भरून यावं. क्रांती ते अमेरिकन हा तुकडा मात्र ते भरभर उरकायचे. मला वाटायचं, थंडी वाजते म्हणून.

रात्री जेवताना मी हे सगळं बायकोला सांगायचो, जणू मीच शोधून काढलंय. ती म्हणाली, "आज भाजीत मीठ नाही, हे तुला तिसऱ्या घासाला पण कळलं नाही. इतका चांगला आहे का तो जज?"

एके दुपारी सर नेहमीसारखे बोलेनात. मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं. गावात एक रिटायर झालेला फार्मासिस्ट आहे. त्यांचा लहानपणचा मित्र आणि तितकाच जुना शत्रू. तो दर वर्षी पहिल्या रांगेत बसतो, भाषण संपल्यावर उठून एकच खवचट प्रश्न विचारतो, आणि सर दर वर्षी तो हसण्यावारी नेतात. यंदा त्याने मंडळाला कळवलं होतं की बिचाऱ्याला परदेशातून कशाला त्रास, व्याख्यान मीच देतो.

मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे त्यांच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्यांनी सरांनाच संधी द्यायचं ठरवलं होतं, पण एका अटीवर. इंटरनेट नीट हवं. आधीच्या एका कार्यक्रमात सरांचा चेहरा अर्धा वेळ गोठलेला होता आणि फार्मासिस्टने त्याचा फोटो काढून गावभर पाठवला होता.

मी म्हटलं, सर, इंटरनेटचं माझ्यावर सोडा.

ते हसले नाहीत. म्हणाले, "इंजिनिअर, या दीड वर्षात माझे मित्र गेले, मी त्यांना फोनवर निरोप दिला. भाचीचं लग्न मी फोनवर पाहिलं. गावाला माझ्याशिवाय सगळं जमायला लागलंय. हे एवढं एकच उरलंय. ज्या वर्षी हे भाषण माझ्याशिवाय होईल, त्या वर्षी मी त्या गावचा राहणार नाही."

मग त्यांनी आणखी एक काम सांगितलं. दर वर्षी त्यांची ओळख करून द्यायचा तो त्यांचा मित्रही आता नव्हता. ती ओळख मी करून द्यावी. "दोन मिनिटं. माझं नाव, माझी शाळा, आणि मग मला बोलव."

आता इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी आमच्या मराठी मंडळाचा सूत्रसंचालक आहे. गणपती असो, संक्रांत असो, माईक माझ्याकडे. आमच्या मंडळात पाहुण्यांचा परिचय करून देणारा पाहुण्यांपेक्षा जास्त तयारी करून येतो. पाहुणे फक्त 'आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे' एवढं म्हणायला उभे राहतात, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. तर असा मी, लॉकडाऊन लागल्यापासून माईकला स्पर्श न केलेला, आणि समोर आंतरराष्ट्रीय कार्यक्रम. बायकोने सरळ सांगितलं, "दोन मिनिटं म्हणजे दोनच मिनिटं. तुझ्या प्रास्ताविकात गेल्या वेळी समोसे गार झाले होते."

शनिवारी दुपारी कार्यक्रम. घरात कोणाला घेता येत नव्हतं म्हणून सरांच्या मुलीच्या गॅरेजमध्ये, शटर पूर्ण वर करून. नियमात बसतं की नाही यावर आम्ही बराच खल केला. शेवटी बायको म्हणाली, तुम्ही दोघं एकाच वेळी कचरा टाकायला आलात असं समजा. आमच्या किचनच्या खिडकीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडली, वायफायचा डबा बाल्कनीच्या कठड्याला दोरीने बांधला. लॅपटॉप वॉशिंग मशीनवर. मी कुर्ता घालून, एक नारळ आणि उपरणं घेऊन खाली उतरलो. सरांनी नारळ हातात घेऊन विचारलं, हा कशासाठी. म्हटलं, सत्कार. ते म्हणाले, माझ्या परसात अशी झाडं आहेत, पण झाडाने माझा सत्कार कधी केला नव्हता. आणि फार मनापासून हसले. हातात भाषणाचे कागद होते. नर्सबाई शिफ्टवर होत्या. बायको बाल्कनीत उभी.

स्क्रीनवर एकेक चौकोन उघडायला लागला. म्हातारी मंडळी, कोणाची फक्त टाळू दिसतेय, कोणामागे कोंबडा. सर प्रत्येकाला नावाने हाक मारत होते आणि ते सगळे एकदम बोलत होते. फार्मासिस्ट चटकन ओळखू आला. हाताची घडी घालून, खुर्ची मागे रेलून. अध्यक्षाबाईंनी घंटी वाजवली आणि माझं नाव पुकारलं.

मी दोन मिनिटांतच आटपणार होतो, खरंच. सरांचं नाव सांगितलं, शाळा सांगितली. मग म्हटलं, ज्या थोर पुरुषावर सर बोलणार आहेत त्याच्याबद्दल एक वाक्य बोलावं. त्या वाक्यात समुद्र आला. समुद्रातून गरिबी आली. चौकोनांमधली दोन-तीन डोकी वर झाली, आणि वर झालेलं डोकं दिसलं की माझ्यातला सूत्रसंचालक जागा होतो. मी धर्मगुरूंचं कॉलेज सांगितलं, ताटं वाढणं सांगितलं, वार लावणं सांगितलं. वकिली सांगितली. शेजारी सर एकेक कागद वाचून वॉशिंग मशीनवर ठेवत होते. मला वाटलं, उजळणी चाललीय. खरं म्हणजे माझं सांगून झालेलं पान ते बाजूला ठेवत होते.

बाल्कनीतून बायकोने खोकून पाहिलं. लॉकडाऊनमध्ये खोकणं म्हणजे केवढा मोठा इशारा, पण मी तेव्हा सर्वोच्च न्यायालयात पोचलो होतो. मी दोन्ही हात पसरून ती खुर्ची उभी केली. सरांचा शेवटचा कागद गेला. आणि मला जाणवलं की गोष्टीला शेवट नाही. आमच्या शाळेत शिकवलेले न्यायाधीश कसे, भर दरबारात सत्ताधीशाला त्याचा गुन्हा सुनावतात आणि पद टाकून निघून जातात. हा तर आमचाच, वार लावून शिकलेला. मग हा कसा बसून राहील? माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं. "आणि मग एके दिवशी त्या स्वाभिमानी पुरुषाने अमेरिकन गव्हर्नरच्या टेबलावर राजीनामा फेकला आणि मागे वळूनही न पाहता तो आपल्या गावी परत गेला." मी नारळ उंच धरला आणि सरांना बोलावलं.

कोणी टाळी वाजवली नाही. कोंबडा तेवढा आरवला. मग फार्मासिस्टने सावकाश पुढे सरकून माईक चालू केला.

"राजीनामा? कधी?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या हातात एकही कागद नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी त्यांचं भाषण खाऊन टाकलं होतं आणि वर शेवटी खोटं जोडलं होतं. फार्मासिस्ट गोड आवाजात म्हणत होता की ऑस्ट्रेलियात आपल्या न्यायाधीशांचं बरंच काही नवीन घडलेलं दिसतंय, आणि आता वक्त्यांना सांगण्यासारखं राहिलं नसेल तर दोन शब्द तो बोलायला तयार आहे. अध्यक्षाबाईंचा हात घंटीकडे गेला.

सरांनी जांभळं जॅकेट काढलं. घडी घालून वॉशिंग मशीनवर ठेवलं. शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि कॅमेऱ्यासमोर आले, पण तोंड माझ्याकडे करून.

"साक्षीदाराची साक्ष झाली," ते म्हणाले. "आता उलटतपासणी. मिस्टर इंजिनिअर, राजीनामा कोणाला दिला?"

"गव्हर्नरला."

"तुम्ही तिथे होता?"

"नाही, सर."

"कोणी पाहिला?"

"कोणीच नाही, सर."

"मग न्यायाधीशांच्या हातात राजीनामा दिला कोणी?"

"मी," मी म्हटलं. "आमच्याकडे मोठा न्यायाधीश राजीनामा देतोच."

चौकोनांतून हसू फुटलं. सर हसले नाहीत. ते वळले.

"आमच्याकडे त्याने दिला नाही," ते म्हणाले. "तो म्हातारा होईपर्यंत राहिला. क्रांतिकारकांनी बोलावलं तेव्हा तो आजारी पडला. अमेरिकनांनी बोलावलं तेव्हा तो बरा झाला. हा विनोद माझा नाही, पहिल्या रांगेतल्या माझ्या मित्राचा आहे. दर वर्षी तो हे विचारतो आणि दर वर्षी मी हसून पाणी पितो. आज माझ्याजवळ कागद नाहीत आणि पाणीही नाही, तेव्हा उत्तर देतो."

फार्मासिस्टची हाताची घडी सुटली.

सर म्हणाले, मी मुलांना शिकवलं की हा माणूस थोर. का थोर, हे शिकवायची वेळ आली की मी पान उलटायचो. कारण मला स्वतःला माहीत नव्हतं. तो भित्रा होता का? असेल. त्याला खुर्ची आवडायची का? कोणाला नाही आवडत? पण ती खुर्ची रिकामी राहणार नव्हती. तो उठला असता तर दुसरं कोणीतरी बसलं असतं, त्याची भाषा न येणारं, त्याचं गाव न पाहिलेलं. मग ते एक क्षण थांबले, वर्गात थांबतात तसे. "आणि रिकाम्या खुर्चीकडे माणसं कशी बघतात, हे आपल्या फार्मासिस्टला विचारा."

पडदा फुटतो की काय असं वाटलं. म्हाताऱ्यांनी टेबलं बडवली. कोणीतरी हसता हसता फोन पाडला आणि त्याच्या चौकोनात नुसतं छत दिसू लागलं. सगळ्यांत जोरात फार्मासिस्ट हसत होता, डोळे पुसत. मग त्याने पुन्हा माईक चालू केला आणि म्हणाला की हे उत्तर नाही, हा प्रश्न आहे. परक्याच्या खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणून खुर्ची आपली होते का? सर म्हणाले, बरोबर, म्हणूनच याची सुनावणी चालू ठेवावी लागेल. आणि मग म्यूट कोणीच राहिलं नाही. कोणी न्यायाधीशाच्या बाजूने, कोणी विरुद्ध, दोन भाषांत, मध्ये कोंबडा. मला निम्मंही कळत नव्हतं आणि माझे पाय गॅरेजमध्ये जागच्या जागी नाचत होते. सर लॅपटॉपवर वाकून त्यांच्या भाषेत भांडत होते. त्यांच्या मुलीने रेकॉर्डिंग ऐकून नंतर मला सांगितलं, आल्यापासून बाबांचा असा आवाज तिने ऐकला नव्हता.

ठरलेली वेळ केव्हाच उलटली. शेवटी अध्यक्षाबाईंनी घंटी वाजवून वाजवून निकाल दिला. खटला पुढच्या वर्षापर्यंत तहकूब. न्यायाधीशांच्या बाजूने सर, विरुद्ध फार्मासिस्ट. सर तोवर परत आले तर गावच्या सभागृहात, नाही आले तर याच गॅरेजातून, पण सरांशिवाय खटला उभा राहणार नाही. फार्मासिस्टने एकच मागणी केली. तो खोटा साक्षीदार पुढच्या वर्षीही हजर पाहिजे.

मी लॅपटॉप मिटला. माफी कशी मागावी ते सुचेना, तेव्हा मी उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि नारळ पुढे केला. सरांनी तो हलवून आतलं पाणी वाजवून पाहिलं.

"तू दोन मिनिटंच बोलला असतास," ते म्हणाले, "तर मी याही वर्षी पान उलटलं असतं."

वरून बायको म्हणाली, "सर, प्लीज त्याला असं काही सांगू नका. मंडळाचा गणपती जवळ आलाय."

सोमवारी मीटिंग चालू असताना खाली डबे खडखडले. मी कॅमेरा बंद करून धावलो. सरांनी या वेळी बाक मांडले नव्हते. डब्यांच्या समोरासमोर दोन बाजू केल्या होत्या, एकीकडे लाल, दुसरीकडे पिवळे, आणि मध्ये बरीच जागा. ते लाल झाकणांच्या बाजूला उभे होते, जांभळं जॅकेट घालून, उपरणं त्यावर.

"उशीर झाला, इंजिनिअर," ते म्हणाले आणि मधल्या जागेकडे बोट केलं. "साक्षीदार तिथे."